हॅटट्रिक कुणाच्या नावावर?

बचत, अंतर्गत कर्ज, शेळीपालन, पापड-मसाल्याची विक्री हे आपले नेहमीचे विषय. आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. “आम्हाला काय करायचंय फुटबॉलचं?” असं कुणी म्हणेल. पण शेवटपर्यंत ऐका. हा विषय फिरून आपल्या वहीपाशीच येतो.

हॅटट्रिक हा शब्द आता आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलाय. एखादा उमेदवार तिसऱ्यांदा निवडून आला की पेपरात छापून येतं, ‘अमक्यांची हॅटट्रिक’. हा शब्द मूळचा क्रिकेटचा. १८५८ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी एच. एच. स्टीफन्सन नावाच्या गोलंदाजाने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. बघणाऱ्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी आपसात वर्गणी काढली आणि त्या पैशातून त्याला एक टोपी घेऊन दिली. हॅट म्हणजे टोपी. म्हणजे बघा, या शब्दाच्या मुळाशीसुद्धा चार जणांनी काढलेली वर्गणी आहे.

पुढे हा शब्द फुटबॉलमध्ये आला. फुटबॉलला दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात आणि सामना नव्वद मिनिटांचा. एकाच खेळाडूने एका सामन्यात तीन गोल केले की हॅटट्रिक झाली. ते लागोपाठच व्हायला हवेत असं नाही. सामन्यादरम्यान मिळालेल्या पेनल्टीवरचा गोलही धरतात. बरोबरी झाल्यावर निकाल लावायला ज्या पेनल्टी मारतात, त्या मात्र धरत नाहीत. फुटबॉलमध्ये गोल फार होत नाहीत. एक-शून्य, दोन-एक असे निकाल नेहमीचे. त्यामुळे एकाच खेळाडूचे तीन गोल ही मोठी गोष्ट असते, आणि म्हणून तिची वेगळी यादी ठेवतात. खेळाडूचं नाव, समोरचा संघ, तारीख, गाव, निकाल असं सगळं त्या यादीत असतं.

भारताच्या पुरुष संघाची ही यादी स्वातंत्र्याच्याही आधी सुरू होते. १९३८ साली भारतीय संघ बोटीने ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला होता. त्या दौऱ्यात लम्सडेन नावाच्या खेळाडूने एका सामन्यात तीन गोल केले. यादीत त्यांचं नाव आर. लम्सडेन असं दिसतं. देश पारतंत्र्यात, सामना परक्या मुलुखात, आणि आज एवढ्या वर्षांनीही आपल्याला हे नाव सांगता येतं. कारण एकच, ते कुणीतरी लिहून ठेवलं.

देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी, १९४८ ला, आपला संघ लंडनच्या ऑलिंपिकला गेला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. तरी फ्रान्सविरुद्ध आपण हरलो ते २-१ अशा थोडक्या फरकाने, आणि त्यातही आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या होत्या. १९५२ ला हेलसिंकीला मात्र युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुऊन काढलं. थंडीचा मुलुख, ओलसर मैदान आणि पायात बूट नाहीत. त्यानंतर बूट घालून खेळणं सक्तीचं झालं.

आता येऊ १९५६ कडे. ऑलिंपिक होतं ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला. आपले प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर किंवा मोबाइलवर ‘मैदान’ हा हिंदी सिनेमा पाहिला असेल, तो यांच्यावरच आहे. संघाचे कर्णधार होते बंगालचे समर बॅनर्जी. त्यांना सगळे बद्रू म्हणत. आणि पुढच्या फळीत होते नेव्हिल डिसूझा. घराणं गोव्याचं, खेळायचे मुंबईत, टाटांच्या संघाकडून. म्हणजे आपल्याच बाजूचा माणूस.

पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. पण हंगेरीत त्या वर्षी मोठी उलथापालथ झाली होती, रशियाचे रणगाडे शहरात शिरले होते. त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. आपल्याला पुढे चाल मिळाली. मग १ डिसेंबरला सामना झाला यजमान ऑस्ट्रेलियाशी. ऑस्ट्रेलिया जपानला हरवून आला होता. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांचा दुसरा गोल. ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतर झालं, आणि पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. शेवटी किट्टू यांनी चौथा गोल करून सामना ४-२ असा संपवला.

ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा आशियातला पहिला खेळाडू म्हणजे हे नेव्हिल डिसूझा. आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचलेला आशियातला पहिला संघ म्हणजे आपला. उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. तिथेही पहिला गोल नेव्हिल यांनीच केला. काही मिनिटं भारत पुढे होता. पण मग त्यांनी चार गोल चढवले आणि आपण ४-१ ने हरलो. चार वर्षांपूर्वी १०-१, आता ४-१. हरलो खरे, पण केवढा फरक पडला होता बघा. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातही बल्गेरियाने आपल्याला हरवलं. भारत चौथा आला. नेव्हिल यांचे एकूण चार गोल झाले होते. त्या स्पर्धेत त्यांच्यापेक्षा जास्त गोल कुणाचेच नव्हते, दोघा युरोपियन खेळाडूंची त्यांच्याशी बरोबरी होती.

चौथ्या नंबरला पदक नसतं. इथेच गोम आहे. पदक नाही म्हणून फोटो नाही, मिरवणूक नाही, आणि शाळेच्या पुस्तकात धडाही नाही. १९६१ पासून सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले. त्याच संघातले पी. के. बॅनर्जी, बलराम, थंगराज यांना तो मिळाला. नेव्हिल यांना मिळाला नाही. १९८० मध्ये पन्नाशीही न गाठता ते गेले. आज मुंबईत लोकल पकडायला धावणाऱ्या कुणाला विचारा, गोव्यात कुणाला विचारा, किती जण हे नाव सांगतील? पण एक आहे. यादीत त्यांचं नाव मिनिटासकट आहे. नववं, तेहेतिसावं आणि पन्नासावं. लोक विसरले तरी वही विसरली नाही. त्यामुळेच अधूनमधून कुणीतरी ती वही उघडतं आणि हा माणूस पुन्हा उजेडात येतो.

आता अलीकडचं बघू. सुनील छेत्री हे नाव तुमच्या पोरांना माहीत असेल. भारतासाठी नव्वदहून जास्त गोल केलेला हा खेळाडू. देशासाठी त्यांच्या नावावर चार हॅटट्रिक आहेत.

पहिली २००८ ची, दिल्लीत, ताजिकिस्तानविरुद्ध. तो आशियाई चॅलेंज कपचा अंतिम सामना होता. तो ४-१ ने जिंकला म्हणून भारताला २०११ च्या आशियाई चषकाचं दार उघडलं. त्याआधी आपण त्या स्पर्धेत खेळलो होतो १९८४ ला. दुसरी हॅटट्रिक २०१० ची, आपल्या पुण्यात, बालेवाडीला, व्हिएतनामविरुद्ध. सामना ३-१ आणि तिन्ही गोल छेत्रींचे. चौथी २०२३ ची, बंगळुरूला, पाकिस्तानविरुद्ध. त्यातले दोन गोल पेनल्टीवरचे.

तिसरी मुद्दाम शेवटी ठेवली. १ जून २०१८, मुंबईत अंधेरीचं मैदान. समोर तैवानचा संघ, खेळात त्याला चायनीज तैपेई म्हणतात. भारत ५-० ने जिंकला आणि छेत्रींनी तीन गोल केले. बघायला माणसं किती होती? २,५६९. मुंबईसारख्या शहरात! आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांनाही याहून जास्त गर्दी होते. दुसऱ्या दिवशी छेत्रींनी मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. त्यात हात जोडून म्हणणं एवढंच, की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन आमचा खेळ बघा. पुढचा सामना ४ जूनला केनियाशी होता, त्यांचा शंभरावा. त्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. म्हणजे तीन गोल करूनही लोक आले नाहीत. आपणहून बोलावं लागलं तेव्हा आले.

छेत्रींच्या घरातली एक गोष्ट सांगते. त्यांच्या आई स्वतः फुटबॉल खेळायच्या, नेपाळच्या महिला संघातून. मुलाच्या पायात खेळ आला तो आईकडून. मुलाच्या चारही हॅटट्रिक आपल्याला तारीखवार सांगता येतात. आईच्या संघाचे सामने, त्यातले गोल आपल्यापैकी कुणाला ठाऊक आहेत?

इथून आपण बायकांच्या फुटबॉलकडे वळू. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यात काम करणाऱ्या बाया फुटबॉल खेळायच्या आणि त्यांच्या सामन्यांना हजारोंनी लोक यायचे. १९२१ साली तिथल्या फुटबॉल संघटनेने ठरवलं, की हा खेळ बायकांना शोभत नाही, आमची मैदानं त्यांना द्यायची नाहीत. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. जिथे हा खेळ मोठा झाला तिथे ही गत, मग बाकीकडे काय असेल!

आपल्याकडे १९७५ मध्ये महिला फुटबॉलची वेगळी संघटना निघाली. पुरुषांच्या संघटनेचा तिच्याशी संबंध नव्हता. या बायांनी स्वतःच्या बळावर देशाचा संघ उभा केला. १९८० साली कालिकतला आशियाई महिला स्पर्धा झाली, त्यात भारत उपविजेता. १९८३ ला बँकॉकला पुन्हा उपविजेता. गोव्याच्या योलांडा डिसूझा या त्याच काळात भारताकडून खेळल्या. बंगालच्या शांती मल्लिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळालेल्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. आशियात दुसरा क्रमांक, तोही दोनदा! पुरुष संघाला आज हे स्वप्नात तरी दिसतं का?

पण या सामन्यांत गोल कुणी केले, कितव्या मिनिटाला केले, हॅटट्रिक कुणाच्या झाल्या, याची पुरुषांसारखी सलग यादी नाही. संघटना वेगळी होती. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला फुटबॉल मुख्य संघटनेकडे गेला, आणि आधीचा हिशेब इकडेतिकडे विखुरला. पेपरात निकाल छापून यायचा, पण गोल करणारीचं नाव दरवेळी यायचंच असं नाही. १९३८ चा लम्सडेन आपल्याला सापडतो. १९८० ची मुलगी, जी आज कुणाची तरी आजी असेल, ती सापडत नाही. खेळ कमी पडला म्हणून नाही, लिहिणारा हात नव्हता म्हणून.

अलीकडे मात्र नोंद राहते. २०१४ च्या आशियाई खेळांत, कोरियातल्या इंचॉनला, आपल्या मुलींनी मालदीवला १५-० ने हरवलं. ओडिशाच्या सस्मिता मल्लिक आणि मणिपूरच्या कमला देवी या दोघींनी पाच-पाच गोल केले. एकाच सामन्यात दोघींच्या हॅटट्रिक आणि वर आणखी. पण त्याच स्पर्धेत दक्षिण कोरियाने आपल्याला १०-० ने हरवलं, आणि थायलंडकडूनही आपली मोठी हार झाली. हेही सांगायला हवं. समोर कोण होतं हे न बघता नुसता आकडा वाचला तर तो फसवतो. आपल्या गटात एखादीची बचत जास्त दिसते, पण तिच्यावर कर्ज किती आहे हे त्याच पानावर बघावं लागतं, तसंच हे.

आता २०२२ ची आठवण. महिलांचा आशियाई चषक त्या वर्षी आपल्या महाराष्ट्रात होता, नवी मुंबई, मुंबई आणि पुणे इथे. यजमान आपण. पहिला सामना इराणशी ०-० असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या सामन्याआधी संघात कोरोना शिरला. मैदानात उतरायला पुरेशा मुलीच उरल्या नाहीत, आणि आपल्या संघाला स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. घरच्या मांडवातून उपाशी परत जावं तसं झालं.

तीन वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, पुढच्या आशियाई चषकाची पात्रता फेरी थायलंडमधल्या चियांग माई इथे झाली. पहिल्याच सामन्यात आपण मंगोलियाला १३-० ने हरवलं. त्यात ओडिशाच्या प्यारी खाखाने एकटीने पाच गोल केले. तिचं नाव हॅटट्रिकच्या यादीत पक्कं झालं. मग तिमोर-लेस्ते, मग इराक. सगळे सामने जिंकले. शेवटचा सामना होता थायलंडशी, त्यांच्याच देशात. थायलंडचा महिला संघ दोनदा विश्वचषक खेळलेला. जो जिंकेल तो पुढे जाणार, दुसऱ्याने घरी जायचं. ५ जुलैला आपण तो सामना २-१ ने जिंकला. दोन्ही गोल पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरने केले. यजमान म्हणून नाही, पात्रता फेरी जिंकून भारताने २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरीतून आपण पहिल्यांदाच तिथे पोचलो.

आता मला सांगा, हॅटट्रिकच्या यादीत संगीताचं नाव या सामन्यासाठी येईल का? नाही येणार. तिचे गोल दोनच. प्यारीचे पाच गोल मोलाचेच, त्याने संघाचा हुरूप वाढला. पण दार उघडलं ते त्या दोन गोलांनी. आणि ज्या मुलीने त्या दिवशी गोलपोस्टपुढे उभं राहून थायलंडचे फटके अडवले, तिचं नाव तर गोलांच्या कुठल्याच यादीत येत नाही. म्हणून मी म्हणते, नोंद हवी, पण ती पुरी हवी.

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं म्हणजे लेखे अद्ययावत ठेवणं. पहिल्या चार सूत्रांना आपण पटकन हो म्हणतो, पाचव्याला कंटाळा करतो. “लिहायचं काय त्यात, सगळ्यांना माहितीये,” असं म्हणतो. पण सगळ्यांना माहिती असलेली गोष्ट दहा वर्षांनी कुणालाच माहिती नसते. बँकेचा माणूस आला की इतिवृत्त बघतो, आपली आठवण बघत नाही.

आपल्या गावच्या शाळेतल्या मुली खेळायला जातात. कुणी कबड्डी, कुणी खो-खो, कुठे कुठे फुटबॉलही. तालुक्याला जिंकून येतात. पेपरात आलंच तर ‘मुलींच्या संघाचे यश’ एवढी ओळ येते, आणि खाली सत्कार करणाऱ्या पाहुण्यांची नावं. मुलींची नावं नसतात. मग लग्न होऊन ती मुलगी दुसऱ्या गावी जाते, आणि ती खेळत होती हे तिच्या सासरीही कुणाला ठाऊक नसतं.

तर या महिन्याच्या बैठकीसाठी माझं एक सुचवणं आहे. गटाकडे जुनी दोनशे पानी वही असेलच. त्यातली मागची दहा पानं आपल्या गावच्या खेळणाऱ्या मुलींसाठी ठेवा. तारीख, ठिकाण, खेळ कोणता, समोर कुणाचा संघ, निकाल काय लागला, आणि संघातल्या प्रत्येक मुलीचं पूर्ण नाव. गोल किंवा गुण कुणी मिळवले, चेंडू कुणी पुढे दिला, अडवायला कोण होतं, हेही लिहा. हरलेला सामनाही लिहा. १९५२ चा १०-१ लिहिलेला होता, म्हणून तर १९५६ चा ४-१ आपल्याला नीट कळतो. आणि गावात पूर्वी खेळलेल्या कुणी काकू, मावशी, आजी असतील तर त्यांना बैठकीला बोलवा, विचारा, त्यांचंही लिहून घ्या. त्या आहेत तोवरच हे होईल.

ज्या गटांनी पानं भरली असतील त्यांनी ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवावीत. पुढच्या कार्यक्रमात त्यातली काही नावं आपण रेडिओवर घेऊ, पूर्ण नाव आणि गावासकट. तोवर रजा घेते. नमस्कार.